कुडाळ बाजारातलं साली-मुळ्यांचं दुकान : अँटिऑक्सिडंटच्या नावाखाली काय घ्यावं, काय नको

आधी दुकानाचे मार्क सांगून टाकते, पाचातले साडेचार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय आणि तो कापायलाच हवा होता. दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण दुकानदार काकांनीच नको म्हटलंय, ते कुरियर करत नाहीत, फोन घ्यायला वेगळा माणूस नाही आणि एकदम गर्दी झाली तर एवढी साल आणायची कुठून हे त्यांचं म्हणणं मला पटतं. कुडाळच्या बाजारपेठेत जाऊन साली-मुळ्यांचं जुनं दुकान विचारलंत तरी कोणीही दाखवेल.

लिहायला बसले त्याला कारण झालं ते हायवेवरचं एक पाकीट. आता आपल्याकडे कोकम सरबत, आंबापोळी, काजूगर यांच्या शेजारी 'बार्क टी' नावाची पाकिटं दिसायला लागलीत, वर मोठ्या अक्षरात अँटिऑक्सिडंट रिच आणि खाली एक मोठ्ठा आकडा, तो आकडा म्हणजे ऑरॅक व्हॅल्यू, अँटिऑक्सिडंटची ताकद परीक्षानळीत मोजायचं एक माप. ५० ग्रॅमला २८० रुपये. मागे घटक वाचले तर नुसतं 'मिश्र वनौषधी साल'. कुठल्या झाडाची, किती, कधी काढलेली, काहीच नाही. पेरू आणि कारलं एकत्र किसून 'मिश्र फळ' म्हणून विकलं तर आपण घेऊ का? मग सालीच्या बाबतीत का चालवून घेतो? एका झाडाची साल हृदयाला देतात, दुसऱ्याची मसाल्यात पडते, तिसऱ्याची वर्षातून एकदाच आणि तीही घोटभर प्यायची असते, आणि हे सगळं एका पाकिटात घालून वर 'रोज दोन कप' लिहिलेलं, मला तर वाचूनच राग आला.

मी ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते, एमएस्सीला असताना झाडांच्या सालींवरच्या अँटिऑक्सिडंट टेस्ट स्वतःच्या हाताने केल्यात, म्हणून त्या आकड्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. ऑरॅकसारखीच परीक्षानळीतली दुसरी टेस्ट म्हणजे डीपीपीएच. हे एक जांभळ्या रंगाचं केमिकल असतं, त्यात सालीचा अर्क टाकला आणि अर्कात दम असेल तर रंग जांभळ्याचा पिवळा होतो, किती उतरला ते ५१७ नॅनोमीटरला मशीनवर मोजायचं. बघायला फार सुंदर दिसतं. आणि बहुतेक झाडांच्या साली या टेस्टमध्ये मस्त पास होतात, कारण सालीत फिनॉलिक्स, म्हणजे झाडाने स्वतःच्या बचावासाठी केलेली रसायनं, ठासून भरलेली असतात, टॅनिन, फ्लॅव्होनॉइड, प्रोअँथोसायनिडिन वगैरे. झाडाला पळता येत नाही, बुरशी, किडे, गुरं, ऊन सगळं खोडावरच झेलायचं असतं म्हणून हा साठा तिथे. तोंडात टाकल्यावर जीभ आखडते ना, तो तुरटपणा म्हणजे टॅनिन आपल्या लाळेतल्या प्रोटीनला धरून बसतं. नायलॉन यायच्या आधी आपले कोळी-गाबीत लोक सुताची जाळी ऐनाच्या सालीच्या पाण्यात बुडवून काढायचे ते याचसाठी, टॅनिन मुरलं की जाळं खाऱ्या पाण्यात लवकर कुजत नाही. म्हणजे सालीत ताकद आहे हे आपल्या लोकांना कुठल्याही लॅबच्या आधीपासून माहीत होतं.

पण परीक्षानळीतला रंग उतरला म्हणून तुमच्या शरीरात पण तसंच होणार हे काही सिद्ध होत नाही. टॅनिनचे मोठमोठे रेणू आतड्यातून तसेच रक्तात जातच नाहीत, खाली मोठ्या आतड्यातले बॅक्टेरिया त्यांचे तुकडे करतात आणि मग त्यातले छोटे तुकडे शोषले जातात, ते तुकडे वेगळेच पदार्थ असतात, त्यांचं काम पण वेगळं. म्हणून तर अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये आपला ऑरॅकचा अख्खा डेटाबेसच वेबसाइटवरून काढून टाकला, या आकड्यांचा माणसाच्या तब्येतीशी संबंध दाखवता येत नाही आणि कंपन्या जाहिरातीला वापरतात म्हणून. त्याला एवढी वर्षं झाली आणि आपल्या हायवेवर तोच आकडा अजून पाकिटावर छापून येतोय.

'नॅचरल आहे, अँटिऑक्सिडंट आहे, जास्त घेतलं तर काय बिघडतंय' म्हणणाऱ्यांसाठी फिनलंडची गोष्ट सांगते. तिथे २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठी ट्रायल झाली, १९९४ ला निकाल आला, बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायचा सोडून १८ टक्के जास्त निघाला. बीटा कॅरोटीन म्हणजे गाजरातलंच, अँटिऑक्सिडंट म्हणून नावाजलेलं. गाजर खाणं वेगळं आणि अर्क काढून गोळी करणं वेगळं. सालीचं पण तेच, जगात सगळ्यात जास्त अभ्यास झालेल्या सालींपैकी एक म्हणजे फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या पाइनची, पिक्नोजेनॉल नावाने तिच्या महागड्या गोळ्या विकल्या जातात, तिच्यावरच्या २७ ट्रायल्स आणि १६४१ माणसं एकत्र धरून कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेने २०२० मध्ये आढावा घेतला आणि निष्कर्ष असा की कुठल्याही जुनाट आजारावर ही उपयोगी पडते असं ठामपणे म्हणायला पुरेसा पुरावा नाही. एवढे पैसे, एवढे अभ्यास होऊन त्या सालीची ही स्थिती, मग आपल्या हायवेवरच्या बिननावाच्या मिश्र सालीला 'कॅन्सर, शुगर, हार्ट' सगळं लिहायचा अधिकार कोणी दिला?

आता दुकानावर येते. आत शिरलं की पहिला येतो तो वास, दालचिनी, ओवा आणि जुनं लाकूड असा मिळून. भिंतीला लाकडी खण, खाली गोणपाटाची तोंडं दुमडून ठेवलेली पोती. अर्जुन, लोध्र, जांभळीची साल, ओवळीची (बाहेरगावचे लोक बकुळ म्हणतात तीच), ऐन, आणि वर टिनाच्या डब्यात दालचिनी. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे काका कुठलीच साल पूड करून ठेवत नाहीत. कारण विचारलं तर म्हणाले, "बाय, साल ओळखूक येता, पूड ओळखूक येणा नाय." एवढ्या एका वाक्यासाठी मी त्यांना पूर्ण मार्क द्यायला तयार आहे. अर्जुनाच्या सालीचा तुकडा हातात घेतलात तर बाहेरून राखाडी-पांढरट, गुळगुळीत आणि आतून गुलाबीसर तांबूस दिसतो, पूड झाली की तांबूस रंगाच्या दहा गोष्टी त्यात खपतात. शिवाय पूड झाली की हवा लागायला जागा वाढते आणि ज्या फिनॉलिक्ससाठी आपण ती घेतोय तीच हवेने खराब होत जातात, म्हणजे घरी आणून लागेल तेवढीच कुटायची हे सायन्सने पण बरोबर बसतं.

अर्जुन मी आईसाठी विचारली. काकांनी पुडी बांधायच्या आधी उलटतपासणी घेतली. "कोणाक होयी? बीपीच्यो, रक्त पातळ करूच्यो गोळयो चालू आसत काय?" आईला बीपीची गोळी चालू आहे म्हटल्यावर त्यांनी साल परत पोत्यात टाकली आणि म्हणाले, "मगे आधी डॉक्टराक इचार, साल खय पळान जाता?" असा दुकानदार तुम्ही हल्ली कुठे बघितलाय? गिऱ्हाईक हातात पैसे घेऊन उभं आहे आणि हा माणूस माल परत ठेवतोय. आईच्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सध्या नको म्हटलं, विषय तिथे संपला. पण ज्यांना वैद्यांनी सांगितलीये त्यांच्यासाठी काका कृती पण नीट सांगतात, क्षीरपाकाची, एक भाग साल, आठ भाग दूध, बत्तीस भाग पाणी आणि पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर. ही आयुर्वेदातली जुनीच मापं आहेत. दुधातल्या प्रोटीनला टॅनिन धरतं त्यामुळे तुरटपणा खूप उतरतो, पोटाला पण सोसवतं, मात्र त्याचबरोबर ते 'फ्री रॅडिकल मारणारे' अँटिऑक्सिडंट रेणू पण काही प्रमाणात दुधात अडकतात. म्हणजे ज्या जुन्या लोकांनी ही कृती बसवली ते डीपीपीएचचा आकडा वाढवायच्या मागे नव्हते, माणसाच्या पोटाला काय झेपतं ते बघत होते.

काकांची अजून एक सूचना, लोखंडाच्या कढईत कुठलीच साल उकळायची नाही, "काढो काळोकुट्ट होतलो." खरंय, टॅनिन आणि लोह एकत्र आले की निळा-काळा रंग होतो, जुन्या काळी लिहायची शाई याच रिअ‍ॅक्शनने करायचे. आणि हे फक्त कढईपुरतं नाही, पोटात पण टॅनिन जेवणातलं लोह धरून ठेवतं आणि शोषू देत नाही. आपल्याकडे किती बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं, डॉक्टर लोहाच्या गोळ्या लिहून देतात आणि घरी त्याच वेळेला 'ताकद येते' म्हणून सालीचा काढा चालू असतो, प्लीज असं करू नका, काढा आणि लोहाची गोळी यात दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, जेवणाबरोबर पण काढा नको. हे त्या बार्क टीच्या पाकिटावर एका ओळीत लिहायला काय जात होतं?

आता दालचिनी, कारण घरोघरी रोज वापरली जाणारी साल तीच आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे. काकांची दालचिनी आपल्याच सिंधुदुर्गातल्या माडाच्या बागांमधली. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाची जात काढली आणि रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्राने माडाच्या मधल्या जागेत दालचिनी, जायफळ, मिरी लावायची 'लाखी बाग' लोकांना दाखवली, त्यामुळे आता बऱ्याच बागायतदारांकडे थोडी थोडी झाडं आहेत. ही खरी दालचिनी, सिलोनच्या जातीची. साल पातळ, कागदासारख्या थरांची आत आत गुंडाळलेली नळी, बोटांनी दाबली तर चुरा होतो, वास गोडसर. बाजारात जाड, कडक, एकाच थराची, गॅलरीत वाळत टाकलेल्या आंब्याच्या सालपटासारखी वळलेली जी मिळते ती बहुतेक वेळा कॅशिया, म्हणजे तज. एफएसएसएआय, म्हणजे आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमांत पण दालचिनी आणि तज वेगवेगळ्या लिहिल्यात, दुकानात मात्र दोन्ही एकाच नावाने तोलतात.

फरक पडतो तो कुमारिन नावाच्या रसायनामुळे. तजमध्ये कुमारिन भरपूर असतं, खऱ्या दालचिनीत अगदी नाममात्र, आणि हे कुमारिन काही लोकांच्या लिव्हरला त्रास देतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेची मर्यादा आहे दर किलो वजनामागे दिवसाला ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. जर्मनीच्या तपासणीत तजच्या पुडीत किलोला सरासरी ३ ग्रॅमच्या आसपास कुमारिन धरलंय, हिशोब करा, २ ग्रॅम पुडीतच तुमचा दिवसाचा कोटा संपला. चहाचा सपाट चमचाभर पूड म्हणजे जवळपास तेवढंच. वजन कमी करायला, शुगर कमी करायला सकाळ-संध्याकाळ चमचा चमचा दालचिनी गरम पाण्यात घेणारे आपल्या आजूबाजूला किती आहेत, आणि त्यातले किती जण तज घेतायत हे त्यांना माहीत पण नाही. पुलावात एक तुकडा टाकला तर काही होत नाही, प्रश्न आहे तो रोज चमचा मारणाऱ्यांचा. काकांकडे १०० ग्रॅमला १५० रुपये, तज त्याच्या निम्म्याने मिळेल, पण रोज घेणार असाल तर हा फरक द्याच. चहात टाकली, खिरीत टाकली, वास टिकतो आणि घशाला झोंबत नाही. तिखटपणा तजपेक्षा कमी आहे, मटणाच्या वाटपाला ती जरा मवाळ पडते हे पण खरं, तिथे आमच्या घरी तिचा तुकडा मोठा पडतो एवढंच.

एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत असावी म्हणून सांगते, क्युबा देशात आंब्याच्या खोडाच्या सालीचा अर्क 'व्हिमँग' नावाने विकतात, त्यात मँगिफेरिन नावाचं फिनॉलिक भरपूर असतं आणि लॅबमध्ये ते चांगलंच अँटिऑक्सिडंट आहे. हे वाचून कोणी सुरी घेऊन हापूसच्या कलमाकडे जाऊ नका. आंब्याचा चीक अंगावर उततो हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे, आणि अर्क काढून, मोजून, तपासून केलेला माल वेगळा, घरी उकळलेलं पाणी वेगळं.

साल येते कुठून हा माझा ठेवणीतला प्रश्न असतो, कुठल्याही काष्ठौषधीच्या दुकानात मी तो विचारतेच. कारण झाडाने पानात केलेलं अन्न खाली मुळांपर्यंत सालीच्या आतल्या थरातूनच जातं, गोल कडं मारून साल काढली की मुळं उपाशी पडतात आणि झाड उभ्या उभ्या मरतं. काका म्हणाले की अर्जुन-जांभूळ ते ओळखीच्या लोकांकडूनच घेतात, स्वतःच्या जमिनीत फांद्या छाटल्या किंवा झाड पडलं की लोक आणून देतात, उभ्या झाडाची असेल तर एका बाजूची उभी पट्टी फक्त. दालचिनीचं तर बरंच आहे, दोन-एक वर्षांचे धुमारे बुंध्यापासून कापायचे, त्यांची साल सोलायची आणि बुंध्याला परत नवीन धुमारे येतात, झाड जगतं. सीतेच्या अशोकाची साल मात्र ते ठेवतच नाहीत. खरा अशोक मुळात कमी झालाय, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत धोक्यातला म्हणून आहे, आणि त्या नावावर शाळेच्या कंपाऊंडला लावतात त्या उंच हिरव्या खोट्या अशोकाची साल सर्रास येते. बायकांच्या तक्रारींवर लोक विश्वासाने घेतात हो ती! शंका असलेला माल ठेवण्यापेक्षा 'नाय माझ्याकडे' म्हणणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. कातासाठी पण कोणी तरी साल मागायला आलं होतं माझ्यासमोरच, त्याला त्यांनी शांतपणे समजावलं की कात खैराच्या आतल्या तांबड्या गाभ्यापासून होतो, सालीपासून नाही.

आता कापलेला अर्धा मार्क. कुठल्याच पुडीवर तारीख नाही. साल कधी काढली, कधी दुकानात आली, काही लिहिलेलं नसतं, काका तोंडी सांगतात आणि त्यांना सगळं आठवतं हे मान्य, पण पुडी घरी गेल्यावर सहा महिन्यांनी आपल्याला आठवत नाही. आणि कोकणातला पाऊस म्हणजे जून ते सप्टेंबर घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं, गोणपाटातल्या सालीला बुरशी धरायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात गेले होते तेव्हा लोध्राच्या दोन-चार तुकड्यांवर पांढरट डाग दिसले, दाखवल्यावर काकांनी लगेच ते पोतं बाजूला केलं, वाद घातला नाही. तरी पण हे गिऱ्हाईकाने दाखवायला लागू नये. बुरशी लागलेली साल धुऊन, उन्हात टाकून वापरायची नसते, सरळ फेकायची. हवाबंद डबे आणि डब्यावर तारखेची चिठ्ठी एवढं केलं तर पाचातले पाच. मी त्यांना तसं सांगितलंय, पुढच्या खेपेला दोन डझन चिठ्ठ्या आणि मार्कर पेन घेऊन मीच जाणार आहे.

बाकी व्यवहार सरळ. अर्जुन १०० ग्रॅम ४० रुपये, ओवळीची साल दंतमंजनासाठी त्याहून थोडी स्वस्त, मापात खोट नाही, गुगल पे चालतं, दुपारी दोन ते चार बंद. घाई असेल तर जाऊ नका, प्रत्येक गिऱ्हाईकाशी बोलतात त्यामुळे थांबावं लागतं. रोज अँटिऑक्सिडंट हवेत म्हणून कुठली साल घेऊ असं मी मुद्दाम विचारून बघितलं तर म्हणाले कोकम खा, आवळो खा, भाजी खा, साल औषधाक ठेव. माझं पण मत तेच आहे.

सातवीण झाडाची कडू साल वेगळी. ती वर्षभर नसते, फक्त चावदिवसाला म्हणजे नरकचतुर्दशीला येते. पहाटे तुळशीकडे कारीट फोडून झालं की तिचा घोटभर कडू रस प्यायचा आणि मग गोडे-तिखट पोहे, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे, पण त्या कडूपणाला कोणी अँटिऑक्सिडंट ड्रिंक म्हणून बाटलीत भरून रोज प्यायला सांगितलं तर ऐकू नका, त्यात मुख्यतः अल्कलॉइड, म्हणजे शरीरावर जोरदार परिणाम करणारी झाडातली रसायनं आहेत, ते वर्षातून घोटभरच ठीक. मुंबईहून दिवाळीला येणाऱ्यांनी लक्षात ठेवा, काकांकडे ताजी सातवीण आदल्या दिवशी सकाळी येते आणि दुपारच्या आत संपते, ती ठेवून देत नाहीत, नाव सांगून ठेवावं लागतं.